नवा आवाज आणि ३२ मिनिटं: डिकॅपिटेटेडच्या ‘ऑर्गॅनिक हॅल्युसिनोसिस’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मानेवाड्याकडे माझी ड्रमची शिकवणी आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही शिकवणी घेत नाही. एक अल्बम लावतो आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सगळे मिळून ऐकतो. मुलं येतात, कधी त्यांचे आईवडील येतात, कधी गल्लीतलं कुणी आवाज ऐकून डोकावतं. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा लावलेला अल्बम हाच, आणि सगळ्यात जास्त प्रश्नही यावरच आले. ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. विचारणाऱ्यांचे शब्द शक्य तिथे तसेच ठेवलेत.

हा अल्बम कोणाचा आणि कधीचा?

डिकॅपिटेटेड हा पोलंडच्या क्रोस्नो गावचा डेथ मेटल बँड. डेथ मेटल म्हणजे जड गिटार, वेगवान ड्रम आणि गुरगुरता आवाज असलेलं रॉक संगीत. १९९६ मध्ये सुरू झाला तेव्हा सगळे शाळकरी पोरं होते. गिटारवर वॉग आणि ड्रमवर त्याचा धाकटा सख्खा भाऊ विटेक. बेस मार्टिनकडे, गाणं सॉरॉनकडे. या चौघांनी ‘विंड्स ऑफ क्रिएशन’ (२०००), ‘निहिलिटी’ (२००२) आणि ‘द निगेशन’ (२००४) असे तीन अल्बम केले. मग सॉरॉन बाहेर पडला, त्याच्या जागी कोवान आला, आणि २००६ मध्ये इअरेक रेकॉर्ड्स या कंपनीकडून ‘ऑर्गॅनिक हॅल्युसिनोसिस’ बाहेर आला. गाणी ७, लांबी सुमारे ३२ मिनिटं.

“भाऊ, हा माणूस काहून ओरडून राह्यला? कोणावर चिडला काय?”

एका मुलाच्या आईने दारात चपला काढता काढता हे विचारलं होतं. मी त्यांना उलट विचारलं, “ताई, मारबतीच्या दिवशी महाल भागात गेल्या आहात ना?” गेल्या होत्या. नागपुरात कोण गेलेलं नसतं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. हजारो माणसं ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडतात. ती माणसं काही शेजारच्यावर चिडलेली नसतात. पोटात साठलेलं बाहेर काढायला साधा आवाज पुरत नाही, म्हणून तो आवाज लागतो.

डेथ मेटलचा गायक तेच करतो, फक्त मोजूनमापून. प्रत्येक गुरगुर कुठल्या ठोक्यावर पडायची हे ठरलेलं असतं. ताईंनी पुढची दोन गाणी पायाने ठेका धरत ऐकली. आवडली का ते मी विचारलं नाही.

टेक्निकल डेथ मेटल म्हणजे साध्या डेथ मेटलपेक्षा वेगळं काय?

वेग दोन्हीकडे असतो. टेक्निकलमध्ये भर असतो तो रचनेवर: मोडलेले ताल, सतत बदलणारे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे), आणि वाद्यांचं एकमेकांना घट्ट चिकटून चालणं. १९९० च्या आसपास अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, एथिस्ट आणि डेथ या बँडांनी ही वाट रुंद केली. डेथचा १९९१ चा ‘ह्यूमन’ ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

तबला शिकलेल्यांना मी दुसऱ्या रीतीने सांगतो. रूपकाचा ७ मात्रांचा तुकडा तीनतालाच्या १६ मात्रांवर सतत फिरवत राहिलात तर काय होईल? पहिल्या आवर्तनातच तुकडा समेवरून घसरेल, दुसऱ्यात आणखी घसरेल, आणि बरोबर ११२ मात्रांनी, तीनतालाची ७ आवर्तनं पूर्ण झाल्यावर, दोघं पुन्हा एकत्र समेवर येतील. मधल्या काळात ऐकणारा हरवल्यासारखा होतो आणि सम आली की अंगावर काटा येतो. टेक्निकल मेटलवाले गिटारच्या रिफला असंच ड्रमच्या चार मात्रांच्या ठेक्यावर घसरवत नेतात. आपल्याकडे ज्याने लहानपणी हातावर टाळी देत मात्रा मोजल्यात, त्याला या संगीताचं दार अर्धं उघडंच असतं. हे मी बारा वर्षं शिकवताना पाहत आलोय.

कोवानच्या येण्याने नेमकं काय बदललं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सॉरॉनचा आवाज खोल होता. छातीतून निघणारा, एकसंध, बेस गिटारच्या शेजारी जाऊन बसणारा. ‘निहिलिटी’ ऐका, तिथे आवाज म्हणजे चौथं वाद्य आहे, रिफच्या खाली घातलेली गादी. कोवानचा आवाज त्यापेक्षा वर, मधल्या पट्टीत राहतो. त्यात गुरगुरीपेक्षा हाक जास्त आहे. शब्दांच्या कडा ऐकू येतात. त्यामुळे तो गादीसारखा खाली पसरत नाही, स्नेअरच्या, म्हणजे काडीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, बरोबरीने आपटतो.

आता गंमत अशी की आवाज वर सरकला तर खाली जागा मोकळी होते. बँडमध्ये गिटार एकच, वॉगची. या अल्बममध्ये त्याने ती मोकळी जागा भरून टाकलेली नाही. रिफ आखूड केले, मध्ये शांतता ठेवली. ‘डे सिक्स्टी-नाइन’ लावा. दुसरंच गाणं आहे. रिफ दोन पावलं चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. त्या थांबण्यात कोवानचा शब्द येऊन पडतो आणि विटेकचा पाय त्याच्या खालून जातो. मी मुलांना हे गाणं तीनदा ऐकायला लावतो: एकदा फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एकदा फक्त आवाज, एकदा दोन्ही. तिसऱ्या वेळी मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. त्यांना कळलेलं असतं की इथे गायक ड्रमवर गात नाहीये, ड्रमबरोबर वाजतोय.

म्हणून “नवा गायक आला आणि बँड बदलला” हे वाक्य मला अर्धवट वाटतं. बँड तसाही वळत होता. ‘द निगेशन’मध्येच तालाची मोडतोड वाढलेली ऐकू येते. त्या वळणाला जो आवाज लागत होता तो कोवानकडे होता. सॉरॉन कमी पडला असं मी मुळीच म्हणणार नाही. ‘निहिलिटी’वर कोवान बसला नसता.

जुन्या चाहत्यांना तो खटकला, हे खरं का?

काहींना खटकला. अजूनही खटकतो. ज्यांनी खोल गुरगुरीसाठीच हा बँड धरला होता त्यांचं दुःख मी समजू शकतो. मीही पहिल्या दिवशी दुसऱ्या गाण्यानंतर अल्बम बंद केला होता. एक आठवडा हात लावला नाही. मग एका रात्री वीज गेली, फोनमध्ये थोडी बॅटरी होती आणि तोच अल्बम उतरवलेला होता. अंधारात सलग ऐकला. पाचव्या गाण्याला, ‘व्हिज्युअल डिल्यूजन’ला, मी गच्चीवर उठून बसलो होतो.

दुसऱ्या बँडांनीही असा गायक बदललाय ना? त्यांचं काय झालं?

कॅनडाच्या क्रिप्टॉप्सीचा ‘नन सो व्हाइल’ (१९९६) लॉर्ड वर्मच्या आवाजामुळे गाजला. त्याच्यानंतर माइक डीसाल्व्हो आला आणि १९९८ मध्ये ‘व्हिस्पर सुप्रीमसी’ निघाला. तिथेही आवाज जास्त हाकेकडे झुकला आणि तिथेही वाद झाला.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या सफोकेशनचं उदाहरण मला फार जवळचं. फ्रँक म्युलन पहिल्या अल्बमपासून गात होता. तो निवृत्त झाल्यावर २०२३ मध्ये रिकी मायर्सच्या आवाजात ‘हिम्स फ्रॉम द अपोक्रिफा’ आला. शेवटचं गाणं मात्र त्यांनी १९९३ च्या ‘ब्रीडिंग द स्पॉन’मधलं घेतलं, नव्याने रेकॉर्ड केलं, आणि त्यात म्युलनला पाहुणा म्हणून बोलावलं. जुना माणूस स्वतः येऊन नव्याच्या हाती घर देतो, याहून सुंदर निरोप मला माहीत नाही.

गाण्याचे शब्द कळत नाहीत. मग ऐकून काय उपयोग?

पहिल्या तीन वेळा शब्दांच्या मागे लागूच नका. चौथ्या वेळी शब्द समोर घेऊन बसा. रक्तपात आणि प्रेतांच्या गोष्टी शोधत असाल तर इथे फारसं मिळणार नाही. नावंच बघा: भास, नियंत्रण, अस्तित्वाचा साक्षात्कार. सगळं डोक्याच्या आत घडणारं आहे.

कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?

पहिल्यापासून. ३२ मिनिटांचा अल्बम तुकड्यांत ऐकू नये. अगदीच वेळ नसेल तर ‘डे सिक्स्टी-नाइन’.

मी ऐकला, पण सगळा नुसता गोंगाट वाटला. चूक कुठे झाली?

मी पहिला प्रश्न विचारतो: कूलर चालू होता का?

हसू नका, हे नागपूरचं खरं दुखणं आहे. एप्रिल ते जून पारा ४५ च्या आसपास फिरतो आणि प्रत्येक खिडकीत कूलर घोंघावत असतो. त्याचा पंखा आणि पत्र्याची थरथर एक सलग खालचा आवाज काढतात. नेमक्या त्याच पट्ट्यात बेस गिटार आणि किकचं अंग असतं. म्हणजे कूलरसमोर बसून तुम्ही ऐकता ती फक्त झांजा, स्नेअरची वरची टक्-टक् आणि गायकाचा आवाज. खालचं अर्धं घर गायब. तो गोंगाटच वाटणार.

आमच्या खोलीत आम्ही एक काम केलं. मे महिन्यात ऐकायची बैठक पहाटे साडेपाचला ठेवली. आदल्या रात्री फरशीवर पाणी मारायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि ऐकताना ३२ मिनिटं कूलर बंद. पहिल्या दिवशी एक मुलगा, जो हा अल्बम महिनाभर मोबाइलवर ऐकत होता, मध्येच म्हणाला, “सर, यात बेस पण आहे?” आहे. मार्टिन पूर्ण वेळ वाजवतोय.

दुसरी चूक म्हणजे फोनचा छोटा स्पीकर. त्यातून खालचे सूर निघतच नाहीत. साधे वायरवाले, कानात नीट बसणारे इयरफोन असतील तरी चालतील. महागडं काही लागत नाही.

इतका जोरात ऐकून कान जाणार नाहीत का?

जोरात ऐकलात तर जातील, मग ते भजन असलं तरी. सर्वसाधारण मोजमाप असं आहे: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला फक्त १ तास. ड्रम किटसमोर बसणारा याच्या कितीतरी वर असतो. म्हणून माझ्या शिकवणीत इअरप्लग न घालता कुणालाही किटवर बसू देत नाही, पाहुण्यालाही नाही. हे संगीत हळू आवाजातही कळतं. हळू आवाजात तर ताल जास्त स्वच्छ दिसतो.

विटेकबद्दल सर इतकं का बोलतात?

कारण मी ड्रमर आहे, आणि हा पोरगा पहिला अल्बम आला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता.

ब्लास्ट बीट म्हणजे किक आणि स्नेअर अतिवेगात सलग वाजवणं. त्याचा हिशेब सांगतो. लय २४० धरली तर सेकंदाला ४ मात्रा. प्रत्येक मात्रेचे ४ भाग केले की सेकंदाला १६ ठोके. ते किक आणि स्नेअरमध्ये वाटले तरी एकेकाच्या वाट्याला ८ येतात. असं मिनिटभर सलग, आणि प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. वेग बऱ्याच जणांना जमतो. सारखं वजन फार थोड्यांना. विटेकला जमायचं, आणि वर तो त्या वेगातून एकदम थांबून मोकळ्या ठेक्यात उतरायचा, धावता धावता माणूस सहज चालायला लागावा तसा.

ज्यांना हा वेग परका वाटतो त्यांनी गणपती विसर्जनाला आपल्याकडचं धुमाळ आठवावं. ट्रकवर दाटीने उभी पोरं, ताशाच्या काड्या दिसत नाहीत इतक्या वेगात, आणि मधूनच सगळे एकदम कापतात, एक श्वास शांतता, पुन्हा सुरू. माझ्याकडचा सगळ्यात चांगला विद्यार्थी धुमाळातून आलाय. त्याला ब्लास्ट बीट शिकवावा लागला नाही. फक्त काडी कशी धरायची तेवढं बदललं.

कोवानचा पुढचा अल्बम कोणता?

पुढचा झाला नाही.

२००७ च्या ऑक्टोबरच्या शेवटी बँड दौऱ्यावर होता. रशिया आणि बेलारूसच्या सीमेजवळ, गोमेलच्या बाजूला, त्यांची गाडी लाकडं वाहून नेणाऱ्या ट्रकला धडकली. विटेक आणि कोवान दोघांनाही डोक्याला जबर मार लागला. २ नोव्हेंबरला विटेक गेला, ऐन विशीत. कोवान वाचला, पण बराच काळ बेशुद्ध होता आणि त्यानंतर पुन्हा बँडमध्ये गाऊ शकला नाही. त्याच्या उपचारांसाठी पोलंडमध्ये आणि बाहेरही चाहत्यांनी पैसे उभे केले, मदतीचे कार्यक्रम केले.

हे मी मुलांना अल्बम ऐकून झाल्यावरच सांगतो, आधी कधीच नाही. आधी सांगितलं की माणूस प्रत्येक गाण्यात मरण शोधायला लागतो. या चार जणांना २००५ मध्ये स्टुडिओत पुढचं काहीही माहीत नव्हतं. ते आनंदाने, भुकेने वाजवत होते. त्यांचं वाजवणं त्या भुकेसाठी ऐकलं पाहिजे.

मग बँड संपला का?

नाही. वॉगने दोन वर्षांनी, २००९ मध्ये, नवी माणसं घेऊन पुन्हा उभा केला. गायला राफाऊ पियोत्रोव्स्की आला आणि २०११ मध्ये ‘कार्निव्हल इज फॉरेव्हर’ निघाला. पुढे ‘ब्लड मंत्रा’ (२०१४), ‘अँटिकल्ट’ (२०१७), ‘कॅन्सर कल्चर’ (२०२२). स्वतःचा भाऊ गमावलेल्या माणसाने पुन्हा मागे ड्रम बसवून पुढे उभं राहायचं, याला काय लागत असेल हे मला सांगता येत नाही.

‘कार्निव्हल’ ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. तिथेही नवा गायक आहे, पण तो कोवानने उघडलेल्या मधल्या पट्टीतूनच पुढे जातो. सॉरॉनच्या खोल आवाजाकडे बँड परत वळला नाही. म्हणून मी ‘ऑर्गॅनिक’ला या बँडचं बिजागर म्हणतो.

मला असं गायला शिकायचंय. घसा फाटणार नाही?

चुकीच्या रीतीने केलं तर फाटेल. ही गुरगुर मुख्यतः स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांच्या कंपनातून येते, ज्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात. जोर पोटातून, श्वासाच्या आधारातून यायला हवा. ऐकायला ती प्रचंड वाटते, पण करणाऱ्याचा खरा आवाज बोलण्यापेक्षा फार मोठा नसला तरी चालतो. बाकी काम माइक करतो.

मी गायक नाही, त्यामुळे शिकवत नाही. दोनच गोष्टी सांगतो. दुखलं, खवखवलं, चव लोखंडासारखी लागली, की त्या दिवसापुरतं बंद. आणि आदल्या रात्री सावजीचं जेवण नको. तर्रीचं तिखट आणि रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं, यातून आम्ल वर येतं आणि घशाला आधीच सूज असते. एका पोराने हे ऐकलं नाही आणि दहा दिवस खुणांनी बोलत होता.

यातलं ड्रमवर काही वाजवायचं असेल तर कुठून सुरू करू?

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारं यंत्र, ७० वर लावा. हो, सत्तर. ‘डे सिक्स्टी-नाइन’ची किक तोंडाने म्हणा, बोल लावून म्हणा, धा-धा-किट काय वाटेल ते. तोंडाला जमलं की पायाला द्या. हात अजून नकोत. आठवडाभर फक्त उजवा पाय, मग डावा, मग दोन्ही. रोज लय ४ ने वाढवा, आणि वजन बिघडलं की ८ ने मागे या. हात तिसऱ्या आठवड्यात.

किट नसेल तर जुनं पुस्तक टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर वाजवा. मी दोन वर्षं तेच केलं. खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्याने आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, विटांची भिंत लागते. त्यापेक्षा शेजारच्या काकूंना जाऊन विचारा की बाळ किती वाजता झोपतं. आमच्या शेजारी ते २ ते ४ झोपायचं, म्हणून आमची शिकवणी अजूनही साडेचारला सुरू होते. बाळ आता सातवीत आहे आणि पुढच्या महिन्यापासून येतंय.